टी सेलला फक्त प्रोटीनच कळतं, मग टीबीच्या जंतूचं मेण कोण ओळखतं?

प्रश्न झकास आहे. एम.एस्सी.च्या पोरांना हा दरवर्षी पडतो, पण वर्गात विचारायला लाजतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पुस्तकात ठणकावून लिहिलंय, टी सेल (रक्तातली एक पांढरी पेशी) फक्त पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, ओळखते, तेही एमएचसी या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनवर ठेवलेलं. मग टीबीच्या जंतूच्या आवरणात एवढं मेण, ई. कोलायच्या अंगावर एवढं एलपीएस (साखर आणि चरबीचा रेणू), न्यूमोकॉकसभोवती साखरेची जाड कॅप्सूल, यातलं काहीच प्रोटीन नाही, तर हे सगळं आपल्या पेशींना दिसतच नाही की काय, आणि दिसत असेल तर कोणाला आणि इतकं नेमकं कसं. मी इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं माणसाच्या रक्तातल्या टी सेल्सवर काम करते, त्यामुळे जरा पसरून लिहिते.

आधी एक गोष्ट वेगळी काढू, कारण तुमच्या प्रश्नात दोन कामं एकमेकांत मिसळलीत. एक काम म्हणजे नुसतं "कोणीतरी घुसलंय" एवढं कळणं. हे मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल वगैरे जंतू गिळणाऱ्या पेशी करतात आणि त्यांचे रिसेप्टर (ओळखणारी प्रोटीनं) जन्मापासून ठरलेले असतात, तुमचे माझे जवळपास सारखेच. दुसरं काम टी आणि बी सेल्सचं, ज्यांचे रिसेप्टर जीन्सचे तुकडे इकडचे तिकडे जोडून तयार होतात आणि प्रत्येक पेशीचा वेगळा असतो. जंतूची प्रोटीन नसलेली रसायनं दोन्हीकडे ओळखली जातात, फक्त पद्धत अगदी वेगळी आहे. आणि कोणती पद्धत चालेल हे परिस्थितीवर आहे, म्हणजे जंतू पेशीच्या बाहेर आहे की आत, आत असेल तर पिशवीत आहे की पिशवी फोडून मोकळा झालाय, कुठल्या अवयवात आहे, आणि हो, तुम्ही माणसाबद्दल विचारताय की उंदराबद्दल. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण या विषयात त्यानेच सगळ्यात जास्त घोळ घातलाय, पुढे येईलच.

पहिलं काम पटकन बघू. एलपीएस हे ई. कोलाय, साल्मोनेला, कॉलरा अशा ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या पापुद्र्यात असतं, वर साखरेची लांब साखळी आणि खाली लिपिड ए नावाचा चरबीचा भाग, आणि ताप, बीपी कोसळणं, सेप्सिस ही सगळी करामत या लिपिड एची. ते रक्तात आलं की एलबीपी नावाचं प्रोटीन त्याला उचलतं, सीडी१४ कडे देतं, तिथून ते एमडी-२ नावाच्या प्रोटीनच्या खळग्यात जाऊन बसतं आणि एमडी-२ पेशीवरच्या टीएलआर४ या रिसेप्टरला चिकटलेलं असतं. टीएलआर४ हा तो रिसेप्टर हे नक्की झालं १९९८ला, ब्रूस ब्यूटलर यांच्या लॅबने सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांवरून शोधून काढलं, या उंदरांना एलपीएस टोचलं तरी काही होत नाही कारण त्यांच्या टीएलआर४ मध्ये एकच अमिनो अ‍ॅसिड बदललेलं आहे. २०११चं नोबेल त्यातून आलं.

पण मजा खळग्यात आहे. ई. कोलायच्या लिपिड एला सहा शेपट्या असतात. त्यातल्या पाच एमडी-२ च्या आत मावतात आणि सहावी बाहेर पृष्ठभागावर राहते, आणि ही बाहेर राहिलेली शेपटीच शेजारच्या दुसऱ्या टीएलआर४ ला जवळ ओढून जोडी जमवायला मदत करते, मग आत सिग्नल जातो. आता चारच शेपट्या असलेलं लिपिड ए घ्या, ते सगळं आत गडप होतं, बाहेर काही उरत नाही, माणसाच्या टीएलआर४ ची जोडी नीट जमत नाही, अलार्म वाजत नाही. प्लेगचा जंतू नेमकं हेच करतो. पिसवेच्या अंगात, कमी तापमानाला, तो सहा शेपट्यांचं लिपिड ए बनवतो आणि आपल्या अंगात ३७ अंशाला आला की चार शेपट्यांचं बनवायला लागतो. १८९६ला मुंबई रिकामी करणारा प्लेग तो हाच. २००६ला काही लोकांनी या जंतूत ई. कोलायचं एक जीन घालून ३७ अंशालाही सहा शेपट्या करायला लावल्या, तर तो उंदरांना मारू शकेना. दोन शेपट्यांचा फरक म्हणजे काय चीज आहे बघा.

बाकीचे सेन्सर मी भरभर सांगते. एलपीएस पेशीच्या आतल्या द्रवात पोचलं तर तिथे टीएलआर४ चा काही संबंध नाही, माणसात कॅस्पेज-४ त्याला थेट पकडतं आणि पेशी स्वतःला फोडून घेते. पेप्टिडोग्लायकनचा, म्हणजे जंतूच्या भिंतीच्या जाळीचा, बारीक तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, नॉड२ ओळखतो, आणि नॉड२ च्या जीनमध्ये बिघाड असला की क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा धोका वाढतो हे २००१पासून माहीत आहे. एलपीएस बनवताना वाटेत तयार होणारी एडीपी-हेप्टोज नावाची साखर एएलपीके१ ओळखतं, हे अलीकडचं, २०१८चं. आणि टीबीच्या जंतूचा कॉर्ड फॅक्टर, म्हणजे ट्रेहलोज साखरेला लावलेली दोन मायकोलिक अ‍ॅसिडं, मॅक्रोफेजवरचा मिंकल नावाचा रिसेप्टर पकडतो. हे मायकोलिक अ‍ॅसिड लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

थोडं विषयांतर, पण लॅबमध्ये काम करणार असाल तर हे जिवाभावाचं सांगते. कोणीतरी उत्साहाने ई. कोलायमध्ये बनवलेलं प्रोटीन घेऊन येतं, "मॅडम, हे मॅक्रोफेजवर टाकलं की टीएनएफ धडाधड वाढतो!" (टीएनएफ म्हणजे सूज पेटवणारं प्रोटीन.) मी पहिल्यांदा विचारते, उकळून बघितलंस का. उकळल्यावर बहुतेक प्रोटीनची घडी मोडते, एलपीएसला उकळण्याने ढिम्म फरक पडत नाही, ते घालवायला काचसामान कोरड्या २५० अंशात अर्धा तास भाजावं लागतं. तेव्हा उकळलेल्या नमुन्यानेही टीएनएफ तेवढाच येत असेल तर तुमचं प्रोटीन बिचारं निर्दोष आहे, सगळा खेळ सोबत आलेल्या एलपीएसचा. पॉलिमिक्सिन बी घालून दुसरी खात्री करा, ते लिपिड एला धरून बसतं. हीट शॉक प्रोटीन टीएलआर४ ला चालू करतात असे ढीगभर पेपर एकेकाळी आले होते, त्यातल्या बऱ्याच निकालांमागे हीच भेसळ निघाली. म्हणजे मॅक्रोफेजला प्रोटीन नसलेलं रसायन इतकं तीव्रपणे कळतं की ते तुमच्या प्रोटीनचा प्रयोग खाऊन टाकतं.

आता खऱ्या मुद्द्यावर, टी सेल. पुस्तकातलं वाक्य जुन्या अनुभवातून आलंय आणि एमएचसीपुरतं ते बरोबरही आहे. एमएचसीच्या खाचेत पेप्टाइडच बसेल अशी तिची घडण आहे, क्लास वनमध्ये साधारण आठ ते दहा अमिनो अ‍ॅसिडांचा तुकडा, दोन्ही टोकं धरलेली, मध्ये एक-दोन बाजूच्या साखळ्या खड्ड्यात रुतलेल्या. पण ही बंधनं एमएचसीची आहेत. टी सेलच्या रिसेप्टरमध्ये पेप्टाइडच ओळखायचं असं काही लिहिलेलं नाही, त्याला समोर जो आकार आणि जो चार्ज दिसेल तो त्याला जमला तर तो चिकटणार. दुकानदार काउंटरवर जे मांडेल तेच गिऱ्हाइकाला दिसणार, तसा प्रकार आहे. म्हणजे प्रश्न असा विचारायला हवा की आपल्या पेशींकडे प्रोटीन सोडून दुसरा माल मांडणारे काउंटर आहेत का. आहेत, आणि ते बरेच आहेत.

पहिला काउंटर सीडी१. दिसायला एमएचसी क्लास वनचा चुलतभाऊ, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनला धरूनच उभा, पण खाच अरुंद, खोल आणि आतून तेलकट अमिनो अ‍ॅसिडांनी मढवलेली. त्यामुळे त्यात चरबीची शेपटी आत जाते आणि साखरेचं किंवा फॉस्फेटचं डोकं बाहेर डोकावतं, टी सेल ते डोकं बघते. १९९४ला बॉस्टनच्या मायकेल ब्रेनर यांच्या गटाने (बेकमन, पोर्सेली वगैरे) दाखवलं की माणसाच्या टी सेल्सची एक जात सीडी१बी वर मांडलेलं टीबीच्या जंतूचं मायकोलिक अ‍ॅसिड ओळखते. तोपर्यंत त्या टी सेलला कुठलं पेप्टाइड दिसतंय हेच सगळे शोधत होते. मायकोलिक अ‍ॅसिड म्हणजे साठ ते नव्वद कार्बनची अजस्र चरबी, आपल्या शरीरातल्या नेहमीच्या फॅटी अ‍ॅसिडमध्ये सोळा-अठरा कार्बन असतात, त्यावरून अंदाज घ्या. ती बसवायची कुठे? २००२ला सीडी१बीची रचना समोर आली तेव्हा कळलं की त्याच्यात एकमेकांना जोडलेले चार खिसे आहेत आणि त्यातले तीन मिळून एक लांब बोगदा होतो, त्यात ही शेपटी वळून वळून बसते. असा बोगदा सीडी१ए, सी, डी यांच्यात नाही. मायकोबॅक्टेरियासाठी खास घर बांधल्यासारखं वाटतं, पण असं उद्देश चिकटवून बोलायला मला आवडत नाही, आपल्या स्वतःच्याही लिपिड्स तिथे बसतात.

नेमकेपणाचं तुम्ही विचारलंत, त्याला माझं आवडतं उदाहरण ग्लुकोज मोनोमायकोलेट. मायकोलिक अ‍ॅसिडला एक ग्लुकोज जोडलेला. १९९७ला ब्रँच मूडी यांनी दाखवलं की याला ओळखणारी टी सेल ग्लुकोजच्या जागी मॅनोज किंवा गॅलॅक्टोज लावला तर ढुंकून बघत नाही. आता ग्लुकोज आणि मॅनोजमध्ये फरक किती, तर दुसऱ्या कार्बनवरचा एक ओएच वर आहे की खाली एवढाच. आणि उलट शेपटीची लांबी थोडी कमी-जास्त केली तर तिला काही पडलेलं नसतं, कारण शेपटी बोगद्यात लपलेली. हे बघून कोणी म्हणेल का की लिपिड ओळखणं ढोबळ असतं? अजून एक गंमत, हा ग्लुकोज जंतू बाहेरून घेतो, म्हणजे आपल्या शरीरातला ग्लुकोज जंतूच्या मेणाला लागतो आणि मग ते एकत्रित प्रकरण टी सेलला परकं दिसतं.

शरीराने अशी रसायनं ओळखण्यात फायदा काय, यावर माझं मत सांगते. प्रोटीनमधलं एक अमिनो अ‍ॅसिड बदलायला जंतूला डीएनएचं एक अक्षर पुरतं आणि तेवढ्यात टी सेलची ओळख चुकू शकते. मायकोलिक अ‍ॅसिड बदलायचं तर डझनावारी एन्झाइमांची अख्खी असेंब्ली लाइन हलवावी लागेल, आणि आवरणच त्याचं बनलेलं असल्यामुळे तिथे चूक झाली तर जंतूच संपतो. टीबीवरच्या एकेटीच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड याच लाइनमधल्या आयएनएचए एन्झाइमला अडवतं, म्हणजे औषधाचा आणि टी सेलचा नेम एकाच मर्मावर. अर्थात जंतू काही करूच शकत नाही असं नाही, वर प्लेगचं शेपट्या कमी करणं बघितलंच, साल्मोनेलाही लिपिड एमध्ये फेरफार करतो. पण ते त्याच्याकडे आधीपासून असलेल्या ठरावीक स्विचवर चालतं, दर पिढीला नवा वेष काढता येत नाही.

लिपिडवर प्रयोग करणं मात्र डोकेदुखी, आणि बऱ्याच जणांना "टी सेलने प्रतिसाद दिला नाही" असा निकाल मिळतो तो टी सेलमुळे मिळतच नाही. लिपिड प्लॅस्टिकला चिकटतं. साध्या पांढऱ्या टिपने आणि एपेनडॉर्फमध्ये काम केलंत तर अर्धा माल ट्यूबच्या भिंतीला लागून राहतो, म्हणून काचेच्या व्हायल, काचेची सिरिंज. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये ठेवायचं, लागेल तेवढं काढून नायट्रोजनच्या झोताखाली वाळवायचं, तळाला जेमतेम दिसणारा पातळ पापुद्रा राहतो, मग कोमट मीडियम घालून सोनिकेटरच्या पाण्यात धरायचं, द्रव किंचित दुधाळ होईपर्यंत. क्लोरोफॉर्मचा अंश राहिला तर पेशी मरतात आणि तुम्हाला वाटतं लिपिड विषारी आहे. दुसरी अडचण, रक्तातून ताज्या काढलेल्या मोनोसाइटवर सीडी१ए, बी, सी जवळपास नसतातच, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ या संदेशवाहक प्रोटीनांमध्ये तीनेक दिवस ठेवले की येतात. काउंटरच उघडलेला नसताना गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही.

उंदराचं आता सांगते. उंदराकडे सीडी१ए, बी, सी नाहीतच, फक्त सीडी१डी आहे. त्यामुळे जगभर सीडी१डी आणि त्यावर मांडलेली लिपिडं ओळखणाऱ्या एनकेटी नावाच्या टी सेल्सवर पेपरांचा पाऊस पडला आणि बाकीच्या तिघांवर तुलनेने थेंब. एनकेटीचं सगळ्यात जोरकस लिपिड, अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड, तर समुद्री स्पंजवरून आलं, जपानच्या किरिन या बिअर कंपनीच्या संशोधकांनी कॅन्सरचं औषध शोधताना काढलेलं. बॅक्टेरियातली तशी लिपिडं नंतर सापडली, स्फिंगोमोनास आणि लाइम आजाराच्या बोरेलियात. सीडी१ए जास्त करून त्वचेतल्या लँगरहान्स पेशींवर असतं आणि तिथे नियम थोडा उलटतो, काही टी सेल्स डोकं नसलेली, पूर्ण आत मावणारी त्वचेची तेलं असली की सीडी१एलाच धरतात. पॉयझन आयव्हीच्या चिकातलं उरुशिऑल सीडी१ए मार्फत टी सेल्स पेटवतं असं दिसलंय, आणि आपला बिब्बा उततो ना, त्याचं तेल रसायन म्हणून याच घराण्यातलं. कुष्ठरोगातही सीडी१ ची कहाणी आहे, ट्यूबरक्युलॉइड प्रकारात, जिथे शरीर जंतूला दाबून ठेवतं, तिथल्या चट्ट्यांत सीडी१ असलेल्या डेंड्रिटिक पेशी (टी सेलला माल दाखवणाऱ्या) भरपूर सापडतात आणि लेप्रोमॅटस प्रकारात, जिथे जंतू मोकाट असतात, त्या जवळपास दिसत नाहीत. कारण की परिणाम, यावर वाद घालता येतो.

दुसरा काउंटर एमआर१, आणि हा मला व्यक्तिशः जास्त आवडतो कारण माल फारच चिमुकला आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेविनमुळे, बी२ व्हिटॅमिन. आपल्याला ते बनवता येत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं, पण बरेच बॅक्टेरिया आणि यीस्ट स्वतः बनवतात. बनवताना मध्येच ५-ए-आरयू नावाचा पदार्थ होतो, त्याची मिथाइलग्लायोक्झालशी आपोआप रिअ‍ॅक्शन होऊन ५-ओपी-आरयू तयार होतं. हे पाण्यात टिकत नाही, काही वेळात आपलं आपण बदलून जातं, पण एमआर१ च्या खाचेतलं ४३ व्या जागेवरचं लायसिन त्याला रासायनिक बंधानेच धरून ठेवतं, शिफ बेस म्हणतात तो. तोपर्यंत बहुतेक एमआर१ पेशीच्या आतच थांबलेलं असतं, माल हाती आला की ते पृष्ठभागावर येतं. म्हणजे पूर्ण तयार व्हिटॅमिन नव्हे, ते बनवण्याच्या कारखान्यातला अर्धवट माल ओळखला जातो, आणि तो माल सापडला याचा अर्थ इथे कोणीतरी कारखाना चालवतंय.

हे ओळखणाऱ्या पेशी म्हणजे मेट (MAIT) नावाच्या टी सेल्स. या पेशी आणि एमआर१ दोन्ही आधीपासून माहीत होते, पण बघतात काय हे २०१२ला मेलबर्नच्या मॅक्लस्की, रॉसजॉन, गॉडफ्रे यांच्या गटाने उलगडलं, आणि त्याची सुरुवात गमतीशीर. एमआर१ नुसतं घडी घालायला गेलं की बसत नव्हतं, कल्चर मीडियम घातलं की बसायचं. मीडियममधलं फॉलिक अ‍ॅसिड उजेडाने तुटून ६-एफपी तयार होत होतं आणि ते खाचेत जाऊन बसत होतं. ते टी सेलला चेतवत नाही, नुसतं जागा अडवतं, पण त्यावरून व्हिटॅमिनची दिशा मिळाली आणि साल्मोनेलाच्या कल्चरमधून रायबोफ्लेविनवाला खरा धागा लागला. निरोगी माणसाच्या रक्तातल्या टी सेल्सपैकी साधारण १ ते १० टक्के मेट असतात, लिव्हरमध्ये तर २० ते ४० टक्क्यांपर्यंत. उंदरात फारच कमी, परत तेच रडगाणं. ई. कोलाय, क्लेब्सिएला, टीबी, स्टॅफ ऑरियस यांना त्या प्रतिसाद देतात, पण ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस आणि एन्टेरोकॉकस फीकॅलिसला देत नाहीत, कारण या दोघांकडे रायबोफ्लेविनचा कारखानाच नाही. निगेटिव्ह कंट्रोल म्हणून एन्टेरोकॉकस वापरतात तो यासाठीच.

तिसरा प्रकार काउंटरच्या चौकटीतही बसत नाही. गॅमा-डेल्टा टी सेल्सपैकी व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ ही जात, रक्तात बहुतेकांच्यात ही सगळ्यात जास्त. ती एचएमबीपीपी नावाच्या छोट्या फॉस्फेटवाल्या रेणूने चेतते, जो टीबीसकट असंख्य बॅक्टेरिया आणि मलेरियाचा परोपजीवी बनवतो, आपण बनवत नाही. हा रेणू बाहेर मांडला जातच नाही. पेशीच्या आतच तो बीटीएन३ए१ या पेशीच्या आवरणातल्या प्रोटीनच्या आतल्या भागाला चिकटतो, त्याने बीटीएन३ए१ आणि बीटीएन२ए१ यांची जोडी बदलते, आणि बाहेरून टी सेलचा रिसेप्टर बीटीएन२ए१ ला धरतो. बीटीएन२ए१ चा हा भाग २०२०ला कळला. आपल्या पेशीत याचा एक दुबळा भाऊ असतो, आयपीपी, कोलेस्टेरॉल बनवायच्या रस्त्यातला, हजारो पटींनी कमकुवत. पण तो साठला की तोही पुरतो. घरात कोणाला हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन लावलं असेल तर आठवा, पहिल्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी आली असेल. ते औषध आयपीपीच्या पुढचं एन्झाइम अडवतं, मोनोसाइटमध्ये आयपीपी तुंबतं आणि या गॅमा-डेल्टा पेशींना वाटतं जंतू आला.

बी सेल्सचं वेगळं, त्यांना काउंटर लागतच नाही, अँटिबॉडी साखरेला थेट धरते. न्यूमोकॉकसच्या कॅप्सूलमधला ओळखीचा पदार्थ पॉलिसॅकराइड आहे हे हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३लाच सांगितलं. रोजचं उदाहरण हवं तर तुमचा रक्तगट. बी गटाच्या माणसाला कधीही रक्त न चढवता ए विरुद्धच्या अँटिबॉडी असतात, त्या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या तशाच दिसणाऱ्या साखरांमुळे तयार होतात. १९५२ला डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या बॉम्बे ब्लड ग्रुपमध्ये तर मूळ एच साखरच नसते, म्हणून त्या माणसांना एच विरुद्धही अँटिबॉडी असते आणि ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. यात मेख एवढीच की नुसती साखर एमएचसीवर मांडता येत नसल्याने टी सेलची मदत मिळत नाही, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत तर प्रतिसाद जवळपास येतच नाही. उपाय म्हणून साखर प्रोटीनला जोडायची, बी सेल दोन्ही एकत्र गिळते आणि प्रोटीनचा तुकडा टी सेलला दाखवून मदत मिळवते. पुण्याच्या सीरमने बनवलेली आणि २०१०ला बुर्किना फासोपासून आफ्रिकेत दिलेली मेनआफ्रिव्हॅक, नवी मुंबईत २०१८ला पालिकेने मुलांना दिलेली टायफॉइड कॉन्जुगेट लस, दोन्ही याच युक्तीच्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग या सीडी१, एमआर१ वाल्या पेशी वापरून टीबीची लस का करत नाहीत. कल्पना आकर्षक आहे खरी, कारण एमएचसी माणसागणिक बदलतं पण सीडी१ आणि एमआर१ जवळपास सगळ्यांचे सारखे, म्हणजे एकच लिपिड पुण्यातल्या आणि केपटाउनमधल्या माणसाला चालावं. पण बाजारात अशी लस आज नाही. मेट सेल्स आधीपासूनच इतक्या सज्ज असतात की लसीने त्यांच्यात टिकाऊ वाढ कशी करायची हाच प्रश्न, आणि सीडी१ वर काम करायला साधा उंदीर चालत नाही, गिनीपिग किंवा माणसाचं सीडी१ घातलेला उंदीर लागतो. मला स्वतःला वाटतं की नुसत्या लिपिडची लस येणार नाही, आली तर प्रोटीनच्या जोडीने येईल. दरम्यान लिपिड ए चा सौम्य केलेला अवतार, एमपीएल, लसींमध्ये अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा जोर वाढवणारा पदार्थ) म्हणून आधीच वापरात आहे, नागिणीची शिंग्रिक्स त्यातलीच.

परीक्षेत विचारलं तर "एमएचसीवरून टी सेल पेप्टाइड ओळखते" एवढं लिहा आणि पुढे सीडी१, एमआर१, बीटीएन३ए१ एकेका ओळीत, तपासणाराही खूश. प्रोजेक्ट करायचा विचार असेल तर सीडी१ने सुरुवात करू नका, लिपिडच्या नादात वर्ष जाईल. मेट सेल्स घ्या. एक ट्यूब रक्त, फायकॉल (पांढऱ्या पेशी वेगळ्या करणारं द्रव), सीडी३, व्ही-अल्फा-७.२ आणि सीडी१६१ च्या अँटिबॉडी, फ्लो सायटोमीटरवर वर उजव्या कोपऱ्यात सुटा ठिपका दिसतो. फॉर्मॅलिनने मारलेलं ई. कोलाय घाला, एमआर१ अडवणाऱ्या अँटिबॉडीसह आणि त्याशिवाय, इंटरफेरॉन गॅमा मोजा. वेळ वीस तासांच्या आसपास गेला तर आयएल-१२ आणि आयएल-१८ मुळेही मेट चेततात, मग एमआर१ अडवूनही सिग्नल पूर्ण जात नाही, म्हणून पाच-सहा तासांचा पॉइंट घ्याच. टीबीच्या पेशंटच्या किंवा आधीच चेतलेल्या नमुन्यात सीडी१६१ खाली येऊ शकतं आणि मेट कमी झाल्यासारख्या दिसतात, तिथे टेट्रामरच (चार एमआर१ जोडून केलेलं, मेटलाच चिकटणारं साधन) लागतो. अमेरिकेच्या एनआयएचची टेट्रामर सुविधा एमआर१ चे टेट्रामर पुरवते, गाइडच्या सहीने अर्ज करा आणि ५-ओपी-आरयू भरलेल्यासोबत ६-एफपी भरलेला कंट्रोलही त्याच अर्जात टाका.